मोठ्या चॅट ग्रुपवर मदत मागायची असेल तर प्रश्न कसा लिहावा?

दुवा (धागाकर्ता)

डिस्कॉर्ड या चॅट अॅपवरचे दोन-तीन मोठे सर्व्हर (म्हणजे तिथले समुदाय) आणि टेलिग्रामवरचा एक अवाढव्य ग्रुप, इथे मी बरीच वर्षं मदतनीस म्हणून वावरतो आहे. रोज डोळ्यांसमोरून प्रश्न जातात आणि त्यातले कितीतरी उत्तराविनाच वर सरकून दिसेनासे होतात. विचारणाऱ्याला वाटतं, इथली माणसं शिष्ट आहेत. वाचणाऱ्यांना वाटतं, याला नेमकं हवंय काय तेच कळत नाही. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा उत्तर माहीत असलेला माणूस त्याच वेळी तिथे ऑनलाइन असतो. म्हणून हा धागा काढतोय.

चॅटवर प्रश्न एका जागी थांबत नाही. टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये 2,00,000 सभासद मावतात. तिथे गजबजलेल्या वेळी तुमचा मेसेज पडद्यावर फार तर दोन-चार मिनिटं दिसतो. वाचणारा सुरुवातीपासून बसलेला नसतो. तो कामातून डोकं वर काढून मधूनच येतो, शेवटचे पाच-सात मेसेज बघतो आणि जातो. तेवढ्यात त्याला तुमचा प्रश्न पुरता कळला तर तो लिहितो, नाही तर पुढे सरकतो.

ही गोष्ट नवी नाही. 1988 साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी हे इंटरनेटवरचं चॅट सुरू केलं, तेव्हापासून ती अशीच आहे. आयआरसीवर तर तुम्ही चॅनेलमध्ये शिरण्याआधीचं बोलणं तुम्हाला दिसतच नसे. त्यातून एक मेसेज 512 बाइटांत बसवावा लागे. देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट खातं, म्हणजे दीडशेच्या आसपास चिन्हांतच मामला आटपायचा. मोठा मजकूर दुसऱ्या पानावर ठेवून इथे फक्त लिंक द्यायची, ही सवय त्यातूनच आली. आज डिस्कॉर्डवर साध्या खात्यालाही एका मेसेजमध्ये 2000 अक्षरं मिळतात. अख्खा प्रश्न त्यात आरामात बसतो. तरी लोक असं लिहितात:

"नमस्कार"
"कोणी आहे का?"
"एक मदत हवी होती"
"एक्सेल कोणाला येतं का?"

या चार ओळींच्या मध्ये इतरांचे दहा मेसेज येऊन गेलेले असतात. शेवटच्या ओळीला "हो, मला येतं" म्हणणारा माणूस प्रश्न न ऐकताच बांधला जातो. पुढे काय निघेल कोण जाणे, म्हणून चांगला जाणकारसुद्धा गप्प बसतो. नमस्कार जरूर करावा, पण त्याच मेसेजमध्ये पुढे प्रश्नही असावा.

प्रश्नात काय हवं? तुम्हाला शेवटी काय साधायचं आहे, त्यासाठी काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. सॉफ्टवेअरचा प्रश्न असेल तर कुठली आवृत्ती आणि कुठली प्रणाली तेही. एवढं एकाच मेसेजमध्ये आलं की मधूनच आलेला माणूसही हात घालू शकतो. माझा सगळा आग्रह एवढ्याच गोष्टीचा आहे.

यातली "शेवटी काय साधायचं आहे" ही बाब सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. एखादा विचारतो, "फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढू?" लोक काढून देतात. मग कळतं की त्याला एक्स्टेंशन (नावातल्या टिंबानंतरचा भाग) हवं होतं, आणि त्याच्या निम्म्या फाइली चार अक्षरी एक्स्टेंशनच्या आहेत. जाणकारांत याला एक्स-वाय प्रॉब्लेम म्हणतात: अडचण एक्स आहे, माणसाने स्वतःच वाय हा तोडगा ठरवला आहे आणि विचारतो आहे ते वायबद्दल.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः तांत्रिक नसलेल्या ग्रुपचे.

रानवारा

चांगला विषय. एक कळत नाही. एवढी हजारो माणसं असतात, तर गर्दीच्या हिशेबाने उत्तर लवकर मिळायला हवं ना? माझा अनुभव उलटा आहे. वीस जणांच्या ग्रुपमध्ये लगेच कोणीतरी बोलतं, मोठ्या सर्व्हरवर शुकशुकाट.

काटकोन

@रानवारा, तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे आणि त्यावर संशोधनही झालेलं आहे.

1968 साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले 85 टक्के, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात हेच प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. ही माणसं निर्दय नव्हती. कोणीतरी बघेलच, असं प्रत्येकाला वाटलं.

चॅटवरही हे तपासून झालं आहे. 2000 साली पॅट्रिक मार्की यांचा अभ्यास आला. चॅट ग्रुपमध्ये हजर माणसं जितकी जास्त तितका मदत मिळायला वेळ जास्त, असं त्यात दिसलं. मात्र एखाद्याचं स्क्रीननेम घेऊन विचारलं की हा परिणाम जवळपास नाहीसा झाला.

म्हणजे ज्याला येत असेल त्याला सरळ टॅग करावं, असा अर्थ मी काढतो.

दुवा (धागाकर्ता)

@काटकोन, अभ्यासाबद्दल आभार, पण शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे.

हजारोंच्या सर्व्हरवर चांगली उत्तरं देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. प्रत्येक नवा माणूस त्यांनाच टॅग करायला लागला की त्यांचा फोन दिवसभर वाजत राहतो आणि एक दिवस ती निघून जातात. मी अशी दोन उत्तम माणसं जाताना पाहिली आहेत. बहुतेक सर्व्हरच्या नियमांत अनोळखी मदतनीसाला टॅग करू नये आणि खासगी मेसेज पाठवू नये असं असतं, ते याचसाठी. आणि "एव्हरीवन" लावून सगळ्यांना एकदम उठवणं तर बहुतेक ठिकाणी सभासदांसाठी बंदच केलेलं असतं.

नाव न घेताही एखाद्याला आपलीच हाक आली असं वाटायला लावता येतं. "कोणी मदत करेल का?" हा प्रश्न कोणालाच उद्देशून नाही. "ज्यांनी परदेशी पद्धतीच्या तारखा असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये घेतली आहे त्यांना विचारतो" असं लिहिलं (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) की त्या पाच-सहा जणांचे कान टवकारतात. इतरांनाही आपण गप्प राहिलो तर चालेल हे कळतं.

टॅग कधी करावं? त्या माणसाने तुमच्याच प्रश्नावर आधी उत्तर दिलं असेल आणि त्यावर पुढचं विचारायचं असेल तेव्हा. तिथेही त्याच्या मेसेजला "रिप्लाय" करणं जास्त चांगलं. संदर्भ आपोआप जोडला जातो.

हौशी

धागा वाचतोय. माझा एक प्रश्न एका मोठ्या सर्व्हरवर दोनदा टाकला आणि दोन्ही वेळा कोणी काही बोललं नाही. तो इथे देतो. त्यात काय कमी आहे ते सांगाल का?

"एक्सेलमधला पूर्ण कॉलम टेक्स्टमध्ये कसा बदलायचा? फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन टेक्स्ट केलं तरी नीट होत नाही. अर्जंट आहे."

खटपट्या

@हौशी, प्रश्न थोडक्यात आहे, भाषा सभ्य आहे, तरी मला उत्तर देता येत नाही. "नीट होत नाही" म्हणजे काय दिसतं? आणि टेक्स्ट कशासाठी करायचंय? "अर्जंट" ने काही फरक पडत नाही. वाचणाऱ्यासाठी तुमची घाई आणि दुसऱ्याची घाई सारखीच.

हौशी

बरोबर. सविस्तर लिहितो.

सभासदांच्या नोंदींची एक सीएसव्ही फाइल आहे, 2024 सालची. ती डबल क्लिक करून उघडली. तारखांप्रमाणे क्रम लावायचा आहे. क्रम लावला की काही ओळी बरोबर लागल्यासारख्या वाटतात आणि 13 तारखेपासून 31 तारखेपर्यंतच्या सगळ्या ओळी तळाला जाऊन बसतात. म्हणून वाटलं की सगळंच टेक्स्ट केलं तर एकसारखं होईल. तसं केल्यावर तळाच्या ओळी तशाच राहिल्या आणि वरच्यांच्या जागी 45355 वगैरे आकडे दिसायला लागले.

खटपट्या

आता कळलं! 13 हा आकडा सांगितलात तिथेच निम्मं उत्तर आलं.

तुमच्या फाइलमध्ये दिवस आधी आणि महिना नंतर आहे. तुमच्या संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असणार, म्हणजे महिना आधी. 12 पर्यंतचे दिवस एक्सेलला महिने म्हणून चालून गेले. 13वा महिना नसतो, म्हणून त्यापुढच्या नोंदी त्याने तारीख न मानता मजकूर म्हणून ठेवल्या. चढत्या क्रमात आधी आकडे आणि मग मजकूर येतो, म्हणून त्या तळाला गेल्या. एक खूण बघा: खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटलेल्या असतील आणि या डावीकडे.

45355 हा एक्सेलच्या हिशेबातला 4 मार्च 2024. मूळ सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून तीच ओळ बघा. तिथे काय आहे?

हौशी

03/04/2024. म्हणजे 3 एप्रिल!

खटपट्या

तेच तर. तळाला गेलेल्या ओळी निदान डोळ्यांना दिसतात. खरा धोका वर बसलेल्यांचा आहे. त्या व्यवस्थित दिसतात आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांचे दिवस-महिने उलटे झालेले आहेत. कॉलम टेक्स्ट कसा करायचा ते कोणी सांगितलं असतं, तर तुम्ही चुकीच्या तारखांवरच पुढचं सगळं काम केलं असतं.

उघडलेली फाइल सेव्ह करू नका. मूळ सीएसव्हीची प्रत काढा, तिचं एक्स्टेंशन टीएक्सटी करा आणि एक्सेलच्या ओपनमधून उघडा. विझार्ड येईल. दुसऱ्या पायरीवर स्वल्पविराम निवडा, तिसरीवर तारखेच्या कॉलमवर क्लिक करून "डेट" आणि समोर "डीएमवाय" (दिवस-महिना-वर्ष) निवडा. मग क्रम लावा.

हौशी

झालं. सगळ्या तारखा उजवीकडे आल्या आणि क्रम बरोबर लागला. नोटपॅडमधल्या काही ओळींशी ताडूनही पाहिलं. मनापासून आभार.

दुवा (धागाकर्ता)

@हौशी, @खटपट्या, माझ्या सगळ्या लेखापेक्षा हा संवाद जास्त कामाचा आहे. हौशींच्या दुसऱ्या मेसेजमध्ये त्यांना स्वतःला कारण ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं. कोणता तपशील महत्त्वाचा हे विचारणाऱ्याला आधी कळणं शक्यच नसतं. त्यामुळे निदान आपण करू नये, लक्षणं सांगावीत.

आणि शेवटी येऊन "झालं, अशाने झालं" असं सांगितलंत, ती या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मोठ्या ग्रुपवर दहातले नऊ जण काम झालं की गायब होतात असं माझं निरीक्षण आहे. ज्याने उत्तर दिलं त्याला ते बरोबर होतं की नाही हे कधीच समजत नाही. तीच अडचण असलेला पुढचा माणूस शोधत येतो आणि त्याला अर्धवट तुटलेला संवाद सापडतो.

अबोली

तुम्ही तांत्रिक नसलेल्या ग्रुपबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी दीर्घ आजार असलेल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या एका मोठ्या ग्रुपची व्यवस्था बघते.

आमच्याकडे एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. घाबरलेला माणूस "कोणी आहे का?" एवढंच लिहितो तेव्हा त्याला माहिती नको असते, सोबत हवी असते. तिथे आम्ही "हो, आहोत, सांगा" असंच उत्तर देतो.

पण माहिती हवी असेल तेव्हा मात्र मांडणी लागतेच. "आईला हे औषध सुरू केलंय, चालेल का?" याला आम्ही कोणालाच उत्तर देऊ देत नाही. तो प्रश्न डॉक्टरांचा. "हे औषध ज्यांनी घेतलं त्यांना सुरुवातीला मळमळ किती दिवस होती? डॉक्टरांना काय विचारून ठेवू?" असं विचारलं की अनुभव असलेले लगेच बोलतात आणि कोणाच्या जिवाशी खेळही होत नाही. अनोळखी माणसाकडून अनुभव मागावा, निर्णय मागू नये.

दुसरं, रिपोर्टचे फोटो. त्यावर नाव, वय, फोन नंबर, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक सगळं असतं. घाईत लोक तसाच्या तसा टाकतात. नंतर पुसला तरी तोवर कोणीतरी उतरवून घेतलेला असू शकतो. जे दोन आकडे विचारायचे आहेत ते त्यांच्या एककासकट आणि शेजारच्या संदर्भमर्यादेसकट टाइप करा. प्रयोगशाळेप्रमाणे मर्यादा बदलते, म्हणून तीही हवी.

खटपट्या

अबोलीताईंच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे हीच गोष्ट लॉग (प्रोग्रामच्या नोंदी) आणि कॉन्फिग (त्याची सेटिंग्ज) फाइलींत होते. पासवर्ड, एपीआय की (प्रोग्रामला सेवा वापरू देणारी गुप्त किल्ली), अंतर्गत सर्व्हरचे पत्ते असं बरंच काही त्यात असतं. टाकण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला आणि गुप्त भागाच्या जागी फुल्या मारा. एखादी की चुकून गेलीच तर मेसेज पुसून भागत नाही, ती की रद्द करून नवी काढावी लागते.

आणि फसवणूक. मोठ्या ग्रुपवर मदत मागितली की काही क्षणांत खासगी मेसेज येतो: "मी सपोर्ट टीममधून बोलतोय, तुमचा प्रश्न पाहिला." फोटो अॅडमिनचा, नावात एखाद्या अक्षराचा फरक. क्रिप्टो वॉलेटच्या ग्रुपमध्ये हे सर्रास चालतं. 12 किंवा 24 शब्दांचा सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडणारा गुप्त शब्दसमूह, मागतात, आणि तो दिला की वॉलेट गेलंच. खरा मदतनीस चारचौघांत बोलतो, म्हणजे त्याचं चुकलं तर दुसरा कोणी सांगू शकतो. त्याच कारणाने, कोणी दिलेली कमांड ती काय करते हे कळल्याशिवाय चालवू नका. "ही कमांड नेमकं काय करते?" असं तिथेच विचारलं तर कोणी चांगला माणूस रागावत नाही.

श्राव्य

मला दिसत नाही, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने वाचतो. माझा दिवसाचा बराच वेळ अशाच सर्व्हरवर उत्तरं देण्यात जातो. एररचा स्क्रीनशॉट आला की माझ्यापुरता तो प्रश्न तिथेच संपतो. "इमेज" एवढंच ऐकू येतं. मजकूर टाकला असता तर कदाचित मीच उत्तर दिलं असतं.

डोळस मंडळींनाही चित्रातला मजकूर शोधता येत नाही आणि कॉपी करता येत नाही. दिसण्याचाच प्रश्न असेल, म्हणजे रंग, मांडणी, बटण जागेवर नाही असं काही, तर चित्र हवंच. पण सोबत एक ओळ लिहा की चित्रात काय आहे.

कोड टाकताना आधी आणि नंतर तीन बॅकटिक (` हे चिन्ह) द्या. डिस्कॉर्डवर त्याने ओळी आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा राहतात. पायथनसारख्या भाषेत ओळीच्या सुरुवातीची जागाच अर्थ ठरवते, ती गेली तर चूक सापडणार कशी?

उंबरठा

सगळ्यांचं वाचलं. थोडा वेगळा सूर लावतो.

हे सगळं नियमावलीसारखं होत चाललंय. आवृत्ती लिहा, प्रणाली लिहा, आधी शोधा, चित्र नको, टॅग नको, खासगीत नको. नवा माणूस हे वाचून विचारायचंच सोडून देईल. ज्याला विषय कळत नाही त्याला नेमका प्रश्न कुठून सुचणार? आणि मोठ्या ग्रुपवरचे जुने लोक "नियम वाचा" एवढं लिहून मोकळे होतात, त्याचं काय? सगळं ओझं विचारणाऱ्यावरच का?

दुवा (धागाकर्ता)

@उंबरठा, हा मुद्दा यायलाच हवा होता.

जुन्यांच्या वागण्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. "गूगल कर" हे उत्तर नव्हे. उत्तर द्यायचं नसेल तर पुढे जावं, तेवढं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. प्रश्न अपुरा असेल तर नेमकं काय हवं ते एका वाक्यात विचारावं. वर खटपट्यांनी "काय दिसतं? कशासाठी?" एवढंच विचारलं आणि गाडी सुरू झाली.

ओझ्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. शब्द माहीत नसले तरी चालतं, हे हौशींनी दाखवलंच. "प्रादेशिक मांडणी" हा शब्द त्यांना ठाऊक असण्याची गरज पडली नाही. मी जे मागतो त्याला ज्ञान लागत नाही, तीन-चार मिनिटं लागतात. समोरचा माणूस फुकट, आपल्या वेळातून देतो आहे. एक जण तीन मिनिटं बसून लिहितो तेव्हा वाचणाऱ्या पन्नास जणांचा अंदाज बांधण्याचा वेळ वाचतो. आणि लिहिता लिहिता कितीतरी वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं, हा तर अनेकांचा अनुभव असेल.

"आधी शोधा" याचा अर्थ दोन तास शोधा असा नाही. चॅनेलच्या वर पिन केलेले मेसेज आणि सर्व्हरमधला शोध, बस्स. सापडलं नाही तर "अमुक शब्द टाकून शोधलं, तमुक मिळालं, ते माझ्या प्रश्नाला लागू पडत नाही कारण..." एवढी ओळ घाला.

उंबरठा

जुन्यांबद्दल बोललात ते पटलं. तीन मिनिटांचा हिशेबही मान्य. तरी नवख्यांसाठी एक वेगळं चॅनेल असावं आणि तिथे कसाही प्रश्न चालावा, असं मला अजून वाटतं.

दुवा (धागाकर्ता)

चॅनेल असायला हरकत नाहीच. फक्त तिथे धीराने प्रश्न उलगडून घेणारी दोन माणसं नेमलेली हवीत. नाही तर ते उत्तर न मिळालेल्या प्रश्नांचं कोठार होतं.

रानवारा

काही फुटकळ शंका. एक, उत्तर आलं नाही तर पुन्हा कधी टाकावं? दोन, चार चॅनेलमध्ये एकदम टाकलं तर? तीन, मोठे सर्व्हर इंग्रजीत चालतात, माझं इंग्रजी बेताचं आहे.

काटकोन

मला माहीत आहे तेवढं सांगतो.

पुन्हा टाकताना वेळ बदला. सर्व्हर जगभरचा असेल तर तुमची रात्र ही कोणाची तरी कामाची वेळ असते. दिवसाभराने टाका आणि मध्ये काही नवं कळलं असेल तर ते जोडा. नुसतं "कोणी?" असं खाली लिहीत राहिलं की वाचणारे वैतागतात. काही ठिकाणी स्लो मोड असतो, म्हणजे एका मेसेजनंतर पुढच्यासाठी ठरावीक वेळ थांबावं लागतं; डिस्कॉर्डवर तो सहा तासांपर्यंत लावता येतो. तिथे एकच मेसेज पुरता लिहिण्याला पर्याय नाही.

चार चॅनेलमध्ये एकदम अजिबात नको. एकीकडे उत्तर मिळालेलं असतं आणि दुसरीकडे कोणीतरी अर्धा तास डोकं खपवत असतो. दुसऱ्या समुदायात विचारायचंच असेल तर दोन्हीकडे एकमेकांची लिंक द्या.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. लहान वाक्यं लिहा. एरर मेसेज, मेनूंची नावं, कोड हे पडद्यावर आहे तसंच ठेवा, त्याचं भाषांतर करू नका. "सॉरी फॉर माय इंग्लिश" ने सुरुवात करण्याचीही गरज नाही. तिथल्या कितीतरी लोकांची ती दुसरी-तिसरी भाषाच असते.

खटपट्या

अवांतर, पण हल्ली रोज दिसतं. "चॅटजीपीटीने हे सांगितलं, ते चालत नाही" असं म्हणून दोन पानी उत्तर चिकटवतात. मूळ प्रश्न काय होता तेच त्यात नसतं. तुम्ही त्याच्याकडे जे घेऊन गेला होतात ते लिहा, आणि त्याच्या सांगण्यावरून काही बदललं असेल तर काय बदललं ते लिहा. ते फार महत्त्वाचं आहे, कारण आता तुमची मूळ अवस्था राहिलेली नसते.

उत्तर देणाऱ्यांनाही तेच. न तपासलेलं यंत्राचं उत्तर चिकटवू नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर 2022 मध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली, कारण ती दिसायला बरोबर वाटत आणि बऱ्याचदा चुकीची निघत.

अबोली

एक सांगायचं राहिलं. स्लॅक या चॅट अॅपच्या मोफत योजनेत 90 दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. डिस्कॉर्डवरचं बोलणं सहसा गूगलच्या शोधात येत नाही. त्यामुळे चांगलं उत्तर मिळालं की आमच्या ग्रुपमध्ये आम्ही ते विचारणाऱ्यालाच लिहायला सांगतो: प्रश्न काय होता, काय केलं, काय झालं, आठ-दहा ओळीत. ते पिन केलेल्या कागदात जातं. नुकताच त्यातून गेलेला माणूस सर्वांत सोप्या भाषेत लिहितो.

हौशी

@अबोली, सूचना आवडली. त्या सर्व्हरवरच्या माझ्या जुन्या मेसेजला रिप्लाय करून 13 तारखेचं कारण आणि टीएक्सटीची पद्धत लिहून आलो. खटपट्यांचं नाव घातलंय. लगेच एकाने खाली लिहिलं की त्याचीही फाइल तशीच आहे.

रानवारा

शेवटची शंका. @श्राव्य, विंडोजमध्ये एररची ती छोटी खिडकी येते ना, त्यातला मजकूर माउसने निवडताच येत नाही. म्हणून तर लोक फोटो टाकतात. मग टाइप करत बसायचं का?

श्राव्य

ती खिडकी समोर असताना कंट्रोल आणि सी दाबा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्समधला शीर्षकासकट सगळा मजकूर कॉपी होतो, निवडावा लागत नाही. काही प्रोग्राम स्वतःची वेगळी खिडकी बनवतात, तिथे हे चालणार नाही. अशा वेळी निदान एरर क्रमांक आणि पहिली ओळ टाइप करा.

रानवारा

आत्ता करून पाहिलं, विंडोज 11 वर. शीर्षक, मजकूर आणि खालच्या "ओके" बटणाचं नावसुद्धा आलं.